लाव्याच्या पिलांची माय



वसंतातल्या या व्याख्यानांत संतवाङ्मय, राज्यघटना, कापसाचे भाव असे विषय मांडले जातात. त्या पंगतीत आमचा आजचा विषय फार हलका आहे. हलका हा शब्द आम्ही तोलून वापरीत आहोत. कारण लाव्याचे नुकते अंड्यातून निघालेले पिलू तराजूत घातले तर सात-आठ ग्रॅम भरते, म्हणजे एका सुपारीइतके. एवढ्याशा जिवासाठी चार लोकांची संध्याकाळ घ्यावी काय, असा प्रश्न चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्हांलाही पडला. पण या सुपारीएवढ्या जिवाने आम्हांला जे शिकविले ते आमच्यापुरते ठेवण्यासारखे नाही असे वाटले, म्हणून उभे आहोत.

आणि आम्ही जे 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. हे काम एकट्याचे नव्हतेच. परतवाड्यातले एक जुने कवेलूचे घर, त्यात आम्ही उभयता, दोन मुले, आणि आमच्याच वाड्यात राहणाऱ्या एक वृद्ध आजी, एवढ्यांचा हा अनुभव आहे. आमच्यात कोणी शास्त्रज्ञ नाही. जे शास्त्र सांगू ते वाचून आणि विचारून मिळविलेले आहे. ज्या चुका सांगू त्या मात्र सर्वस्वी स्वतःच्या कमाईच्या आहेत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. लावा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रानातला पक्षी येतो. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. बांधावरून चालावे आणि अगदी पायाखालून भुर्रकन पाचसहा पक्षी चोहीकडे उधळावेत, छातीत धस्स व्हावे, आणि पुन्हा पाहावे तो कोठे काही नाही. तो हा लावा. झुडपी लाव्यांचा थवा रात्री जमिनीवर वर्तुळ करून, पाठी आत आणि तोंडे बाहेर करून बसतो असे जाणकार सांगतात. म्हणूनच उडताना ते असे चहूबाजूंना फुटतात. पावसाळ्यात दोन-दोन ठोक्यांची शीळ घालणारा काळ्या छातीचा लावा निराळा, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा पाहुणा निराळा. हे सगळे रानाचे धनी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यांना संरक्षण दिलेले आहे. त्यांना धरणे तर सोडाच, त्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे हेही त्या कायद्याच्या भाषेत शिकारीतच मोडते. बाजारात कोणी टोपलीखाली झाकून रानचे लावे विकावयास आणले तर ते घेणारा आणि विकणारा दोघेही गुन्हेगार होतात. तेव्हा आमच्या जाळीघरात जो पक्षी आहे तो हा नव्हे.

आमचा पक्षी त्याचा चुलतभाऊ, जपानी लावा. लोक त्याला बटेर म्हणतात. जपानात हा कित्येक शतकांपूर्वी पिंजऱ्यात आला तो अंड्यांसाठी नव्हे, नराच्या आवाजासाठी. आपल्याकडे जसे कोणी पोपट बाळगतो तसे तेथील शौकीन लोक आरवणारे लावे बाळगीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अंड्यांकरिता त्याची पैदास सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात हे पाळीव वाण जवळजवळ संपुष्टात आले. गाण्यासाठी जोपासलेले तर हरपलेच. उरल्यासुरल्यांतून पुढे पुन्हा वंश वाढविला गेला. आपल्या देशात हा पक्षी १९७४ साली कॅलिफोर्नियातून आला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरला संशोधकांच्या देखरेखीखाली वाढला. तेथेच १९७९ साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था उभी राहिली. २०११ साली वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन केंद्र सरकारने याच्या नव्या परवान्यांना मनाई केली होती. हा पक्षी रानचा नसून पाळीव आहे हे मान्य होऊन पुढे ती अट गेली.

आता या पाळीवपणाची किंमत पाहा. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी घालू लागते आणि चांगले पोषण मिळाल्यास वर्षात अडीचशेच्या वर घालते. पण घालते आणि चालू लागते. ठिपक्याठिपक्यांचे ते दहा ग्रॅमचे सुंदर अंडे जिथे पडेल तिथे पडते. तिला त्याची ओळख नाही. कोंबडी खुडूक बसते तशी ही बसत नाही. बसली तर ते नवल समजावे. पिढ्यान् पिढ्या माणसाने अधिक अंडी देणाऱ्या माद्या निवडल्या. अंडी उबवीत बसणारी मादी त्या काळात अंडी देत नाही, म्हणून ती निवडीतून गळत गेली. अंडी वाढली आणि आई हरवली. हे आम्हांला कळले तेव्हा जाळीघराची सारी मौज बदलून गेली. ज्या पक्ष्याची माय आपण काढून घेतली त्याची पिले हवी असतील तर त्या मायेचे काम आपल्याला करावे लागते, आणि ते हौसेने नव्हे, नेमाने करावे लागते. आजचे आमचे सांगणे एवढेच आहे. बाकी सगळा त्याचा तपशील.

हा तपशील आम्ही कसा शिकलो ते ऐका. पहिल्या वर्षी आम्ही चैत्राच्या अखेरीस चोवीस अंडी आणली. हे मुहूर्ताचेच चुकले होते, पण ते नंतर कळले. पंखा असलेली एक लहानशी उबवणपेटी घेतली. तीत साडेसदतीस अंश उष्णता ठेवायची, दिवसातून चार-पाच वेळा अंडी फिरवायची, चौदाव्या दिवसानंतर फिरवणे बंद करायचे, आणि सतराव्या-अठराव्या दिवशी पिले निघतात, एवढे वाचले होते. मुलांनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूस फुली आणि दुसऱ्या बाजूस गोल काढला, म्हणजे कोणते फिरले आणि कोणते राहिले ते समजावे. पंधरा दिवस सगळे घड्याळाप्रमाणे चालले.

सोळाव्या दिवशी दुपारी दोन वाजता वादळी वारा सुटला आणि वीज गेली. आमच्या हाती जे पुस्तक होते ते थंड मुलखातल्या माणसाचे होते. त्यात लिहिले होते, वीज गेल्यास पेटी घोंगडीने गुंडाळावी, ऊब टिकेल. आम्ही धावत जाऊन दोन गोधड्या आणल्या आणि पेटी मायेने लपेटली. वीज आली संध्याकाळी सहाला. तोवर कवेलूखालच्या त्या खोलीत कूलर बंद, आणि आतला उष्णतामापक बेचाळीस दाखवीत होता. अठरावा दिवस गेला, एकोणिसावा गेला. विसाव्या दिवशी आम्ही अंडी फोडून पाहिली. पंधरा अंड्यांत पूर्ण वाढलेली पिले होती. पिसे आलेली, चोचीवर कवच फोडण्याचा तो पांढरा दाणा आलेला. मुले बोलली नाहीत. धाकटा उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसला.

आजी तेवढ्या म्हणाल्या, "गोधडी आपल्याले थंडीत लागते, बापा. वैशाखात कोंबडी बी अंड्यावरून उठून उभी रायते, सावली करते. तुमी काहून झाकलं?"

आम्ही निरुत्तर झालो. वऱ्हाडात कोण जाणत नाही की माळावर उघड्यावर अंडी घालणारी टिटवी भर उन्हात पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर बसते! आम्ही लहानपणापासून टिटव्या पाहिल्या, पण त्या पाहण्यातून हा धडा घेतला नाही. माय म्हणजे केवळ ऊब नव्हे. माय म्हणजे जेव्हा ऊब हवी तेव्हा ऊब आणि जेव्हा सावली हवी तेव्हा सावली. शास्त्रही हेच सांगते: आतला जीव घटकाभर गारठा सोसतो, पण चाळिसाच्या वरची उष्णता त्याला फार वेळ सोसवत नाही. शिवाय शेवटच्या दिवसांत अंड्यातला वाढलेला जीव स्वतःही उष्णता टाकीत असतो. तिला बाहेर पडायला वाट हवी. आमच्या गोधडीने तीच वाट बुजविली होती.

तेव्हापासून आमच्या घरी नियम असा. चैत्र ते ज्येष्ठ अंडी पेटीत ठेवायची नाहीत. ज्या मुलखात खोलीच पेटीपेक्षा तापते तेथे पेटीला थंड कसे करावे हा प्रश्न घरगुती साधनांनी सुटत नाही. पाऊस स्थिरावल्यावर, किंवा त्याहून बरे म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, काम आरंभावे. तेव्हा वीज गेली तर मात्र गोधडी खुशाल वापरावी. मार्गशीर्षाच्या रात्री ती गरजेचीच असते.

दुसऱ्या खेपेस कार्तिकात तीस अंडी ठेवली. या वेळी अंड्यांची निवडही नीट केली. आठ दिवसांहून जुने अंडे घेतले नाही. तडा गेलेले, वेडेवाकडे, फार लहान वा फार मोठे घेतले नाही. साठवताना निमुळते टोक खाली ठेवले, कारण रुंद टोकाकडे हवेची पोकळी असते आणि पिलाचा पहिला श्वास तेथला असतो. अंडी धुतली नाहीत. कवचावरचा नैसर्गिक लेप धुण्याने जातो आणि जंतूंना दार उघडते. ठिपक्यांमुळे दिव्यासमोर धरून आतले पाहणे कोंबडीच्या अंड्याइतके सोपे नसते, म्हणून उगाच रोज उचलून पाहण्याचा मोह आवरला. पेटीतल्या ओलाव्याकडे लक्ष ठेवले: पहिले दोन आठवडे साठ टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस सत्तर.

सतराव्या पहाटे धाकट्याने येऊन सर्वांना उठविले. पेटीतून टकटक ऐकू येत होती, अगदी बारीक, जणू कोणी नखाने काच वाजवीत आहे. या टकटकीची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स या विदुषीने १९६० नंतरच्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर प्रयोग केले. तिला असे आढळले की एकमेकांना खेटून ठेवलेल्या अंड्यांतील पिले कवचाच्या आतूनच टकटक करून एकमेकांना खुणा देतात. मागे पडलेली त्वरा करतात आणि पुढे गेलेली थोडी थांबतात. म्हणून रानात मादीने निरनिराळ्या दिवशी घातलेली अंडी काही तासांच्या अंतराने एकदम फुटतात. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला हे आवश्यकच असते. काही पिले बाहेर आणि काही आत अशी स्थिती झाली तर आईने कोणाला सांभाळावे? तिला तर सगळा परिवार घेऊन त्याच दिवशी तेथून निघायचे असते. तेव्हा पेटीतही अंडी एकमेकांस लागून ठेवावीत, आणि एकदा ठेवल्यावर मागून नवीन भरती करू नये.

टकटक सुरू झाली की झाकण उघडण्याचा मोह अनावर होतो. आम्ही झाकणावर कागद चिकटवून त्यावर लिहिले होते: 'हात लावू नये.' झाकण उघडले की ओलावा उडतो, कवचाच्या आतला पापुद्रा वाळून पिलाला आवळतो, आणि अर्धे फोडलेले अंडे तसेच राहते. पिलाच्या पोटात बलकाचा शेष असतो. त्यावर ते चोवीस तास सहज निभावते. तेव्हा निघालेली पिले आत वाळू द्यावीत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीसपैकी एकवीस पिले निघाली. पिवळ्या अंगावर तपकिरी पट्टे. आम्ही त्यांना पाहत होतो, आणि आमची मोठी हळूच म्हणाली, "गेल्या वेळची पंधरा अशीच झाली असती." त्या आनंदातही हे ऐकणे भाग होते.

बौद्ध जातककथांत लाव्याच्या पिलाची एक कथा आहे. वणवा पेटतो, आईबाप उडून जातात, आणि घरट्यातले पिलू, ज्याला पंख असून उडता येत नाही आणि पाय असून चालता येत नाही, ते सत्याच्या बळावर वणव्याला थोपविते. कथेचे मर्म थोरच आहे. पण खरे लाव्याचे पिलू अंगावरची ओल वाळताच उभे राहून पळत सुटते. दुसऱ्या दिवशी ते दाणा टिपते, दहा-बारा दिवसांत फडफडत पेटीच्या काठावर येते. म्हणून त्याला भरवावे लागत नाही. पण चालता आले म्हणजे जगता आले असे नव्हे. पायाखाली काय आहे यावर सगळे अवलंबून असते.

पहिल्या दिवशी आम्ही पेटीत वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद अंथरला. दुसऱ्या दिवशी दोन पिलांचे पाय दोहो बाजूंना फाकले, ती उठेनात. आम्ही ताबडतोब खरबरीत गोणपाट अंथरला, फाकलेले पाय मऊ लोकरीच्या धाग्याने अंतर राखून सैल बांधले. एक सुधारले, एक गेले. पुढे चार-पाच दिवसांनी गोणपाट काढून रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या कुरळ्या ढलप्या पसरल्या. परतवाड्यासारख्या लाकडाच्या बाजारपेठेत त्यांना काय तोटा? मात्र करवतीखालचा बारीक भुसा टाळावा. पिले त्याला दाणा समजून खातात.

पायाखालच्या जमिनीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९९० साली रशियनांच्या मीर या अंतराळस्थानकात लाव्याची अंडी नेऊन उबविली होती, आणि तेथे पिले निघाली. पृथ्वीबाहेर जन्मलेली ती पहिली पाखरे. पण तेथे खाली-वर असे काही नसल्यामुळे ती हवेत तरंगत, गिरक्या घेत राहिली. दाण्याशी स्थिर होऊन चोच मारता येईना, आणि ती जगली नाहीत. उष्णता होती, हवा होती, अन्न होते. पाय टेकायला जागा तेवढी नव्हती.

निघालेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात छत्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्यास तीनेक अंश कमी करीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास ती घराच्या हवेत रुळतात. आपण हल्ली जे दिवे वापरतो ते उजेड देतात, ऊब देत नाहीत; म्हणून जुन्या तारेचा दिवा किंवा ऊब देणारा खास दिवा मिळवावा. उष्णतामापकापेक्षा पिलांकडे पाहावे. दिव्याखाली एकावर एक चढून घोळका केला तर त्यांना थंडी वाजते; दिव्यापासून दूर पळून चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडते; सर्वत्र विखरून चरत असली तर ठीक आहे. मायेला हे सांगावे लागत नाही, आपल्याला शिकावे लागते.

पाण्याने फार पिले मरतात, हे खोटे वाटेल पण खरे आहे. बोटभर पाण्याच्या बशीत सुपारीएवढे पिलू बुडते. म्हणून डब्याच्या उथळ झाकणात पाणी घालून त्यात गोट्या ठेवाव्या, आपल्याकडची मुले ज्यांना कंचे म्हणतात त्या. चोच आत जाते, अंग जात नाही. आमच्या मुलांनी आपली सगळी दौलत यात घातली.

खाण्याचेही पथ्य आहे. कोंबडीच्या पिलापेक्षा लाव्याच्या पिलाला अधिक पौष्टिक अन्न लागते. शेकडा चोवीस ते सत्तावीस भाग प्रथिने हवीत. कोंबडीच्या पिलांचे तयार खाद्य आणून ते खलबत्त्यात बारीक करावे, वरून उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. येथे दोन वऱ्हाडी सवयींपासून सावध राहिले पाहिजे. आपल्या घरी सरकीची ढेप असते, गाईम्हशींना ती चांगली. पण सरकीतले विष रवंथ न करणाऱ्या प्राण्यांना, त्यातही पिलांना, बाधते. दुसरे म्हणजे बुरशी आलेली शेंगदाण्याची ढेप. १९६० साली इंग्लंडात हजारो टर्की पक्षी अचानक मेले ते अशाच बुरसलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने. त्यातूनच त्या बुरशीच्या विषाचा शोध लागला. पावसाळ्यात वास आलेले खाद्य 'पाखरांना चालते' म्हणून टाकू नये. पाखरांनाच ते सर्वांत आधी चालत नाही.

तीन आठवडे झाले की नराची छाती विटकरी होते आणि मादीच्या छातीवर काळे ठिपके उमटतात. आता त्यांना परसातल्या जाळीघरात न्यायचे. आमचे जाळीघर आठ फूट लांब, चार फूट रुंद. जाळी अर्ध्या इंचाची, आणि जमिनीत फूटभर गाडलेली. कारण मुंगूस, घूस आणि धामण यांना आपल्यापेक्षा आधी बातमी लागते. लावा घाबरला की सरळ वर झेपावतो आणि डोके फोडून घेतो; म्हणून छताखाली सैल कापड ताणून बांधावे. कोपऱ्यात कोरड्या मातीची परात ठेवावी. धुळीत लोळणे हे त्याचे स्नान. बाहेरून आणलेला नवा पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवावा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्यांची किती हानी झाली ते आपल्याला ठाऊक आहे.

आता एक कठीण गोष्ट. निघालेल्या पिलांत निम्मे नर असतात, आणि एका नराला दोन-तीन माद्या असल्या तरच जाळीघरात शांतता राहते. नाहीतर नर एकमेकांची डोकी रक्तबंबाळ करतात. उरलेल्या नरांचे काय? आमचे काही नर दुसऱ्या पाळणाऱ्यांकडे गेले, काही लोकांच्या ताटात गेले. हे आम्ही लपवीत नाही. काही सज्जन सुचवितात, रानात सोडून द्या, पुण्य लागेल. हे मुळीच करू नये. ज्याने कधी ससाणा पाहिला नाही त्याचे रानात दोन दिवस निघत नाहीत. आणि निघाले तर तो रानच्या लाव्यांत मिसळून त्यांचा वंश बिघडवितो, अशी उदाहरणे युरोपात झालेली आहेत. तेव्हा जो गृहस्थ या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ शकत नाही, त्याने अंडी पेटीत ठेवू नयेत. शेवट न ठरविता आरंभ करणे ही हौस झाली, पालन नव्हे.

आजींच्या आग्रहावरून एकदा आम्ही नऊ अंडी खुडूक गावरान कोंबडीखालीही ठेवली. कवच पातळ, कोंबडी जड. चार अंडी तिच्याच पायाखाली फुटली. तीन पिले निघाली. पण ती तिच्या हाकेला ओळखून पळत तिच्या पंखाखाली शिरली, तेव्हा आजी आम्हांला म्हणाल्या, "पाहा, माय कोनाची बी असो, हाक समजते." पिढ्यान् पिढ्या ज्या वंशाने आई पाहिली नव्हती त्याच्या पिलांना हाक मात्र आठवत होती. हरवली होती ती आई. लेकरू हरवले नव्हते.

शेवटी एक प्रसंग सांगून रजा घेतो. दोन वर्षांपूर्वी सापनकाठच्या आमच्या शेतात सोयाबीनची सोंगणी चालू होती. एक मजूरबाई विळा थांबवून उभी राहिली. तिच्यापुढे ओंजळीएवढ्या खळग्यात रानच्या लाव्याची सहा अंडी होती. विळा हातभरावर येईपर्यंत मादी उठली नव्हती. धाकटा आता बारा वर्षांचा आहे, तो धावत येऊन म्हणाला, "बाबा, आपल्याकडे पेटी आहे. घरी नेऊ. आपल्याला येते आता." खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच आले होते. इतक्या खटपटीने विद्या मिळविली, ती येथे नाही वापरायची तर कोठे? पीक तर कापलेच पाहिजे.

त्या वेळी आम्ही काही वेळ बांधावर बसलो. कायदा आड येत होताच. पण कायदा नसता तरी प्रश्न राहिलाच असता. आमची पेटी ऊब देईल, ओलावा देईल. ससाण्याची सावली पडताच गवतात निपचित कसे व्हावे, मुंग्यांची अंडी कोठे असतात, दव कोठे टिपावे, हे ती काय शिकविणार? जपानी लाव्याची आई आपण हिरावली, म्हणून तेथे आपण माय होणे हे आपले कर्तव्य. येथे तर माय दहा पावलांवर धुऱ्याच्या गवतात उभी होती. तिच्या जागी आपण जाणे म्हणजे दुसरी आई हिरावणे.

घरट्याभोवती दहा हातांचा तुकडा आम्ही उभा ठेवला. मजुरांनी त्याला वळसा घातला. वाटेकरी थोडा कुरकुरला. दोन पायली सोयाबीन गेले असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकट्याने दुरून पाहिले, मादी बसलेली होती. मग आम्ही कोणालाही तिकडे फिरकू दिले नाही. अकरा दिवसांनी गेलो तेव्हा खळगा रिकामा होता. मुंगसाने वा सापाने अंडी नेली असती तर चुरा दिसला असता, नाहीतर काहीच दिसले नसते. तेथे पाच कवचे होती, प्रत्येकाचे रुंद टोक झाकणासारखे गोल कापून उघडलेले. सहावे अंडे तसेच होते.

धाकट्याने ती कवचे मोजली, मग म्हणाला, "सहात पाच. आपले तीसात एकवीस." आणि थोड्या वेळाने, "तिच्याकडे उष्णतामापक पण नव्हता."

सोयाबीनचा तो तुकडा आम्ही नंतर कापला. पेटीही अजून घरी आहे, आणि येत्या कार्तिकात ती पुन्हा चालू होईल. आपल्यापैकी कोणास पाहावयाची असल्यास त्याने अवश्य यावे. झाकणाला मात्र हात लावू नये.